नंदीचं गाळप

"मर्दाच्या गाडीला घाट म्हंजे काय? रस्त्यानं जराशी मान वर केली, यवढंच!"

हे उद्गार वैजिनाथअप्पांनी दिंद्रुडच्या पेठेत, स्वतःच्या कापड दुकानाच्या पायरीवर उभं राहून काढले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग अप्पा रुबाबात पायऱ्या उतरले, मोटारसायकलवर बसले, किल्ली फिरवली आणि जमलेल्यांपैकी दोघांना म्हणाले, "जरा ढकला बे."

कारण अप्पांची मोटारसायकल सपाटीवर आपणहून चालू होत नसे.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा दिल्लीत कुणीतरी देशाची दारं उघडली होती. त्या दारातून शिरलेला वारा दिंद्रुडला पोचेस्तोवर त्याची एक पिवळी एसटीडीची पेटी, शॅम्पूच्या पुड्यांची माळ आणि महादेवाच्या देवळामागून गेलेली केबलची वायर एवढंच उरलं होतं. पण लोक खूश होते. रोज सकाळी उठून बाहेर बघायचे, आज काय नवीन आलंय!

अप्पांची गाडी मात्र जुनी. लग्नाच्या वर्षी घेतलेली. दोन सायलेन्सर, पोट फुगलेली टाकी आणि आवाज असा, की अप्पा तेलगावहून निघाले की दिंद्रुडात चहा टाकला जायचा. घर महादेवाच्या भक्तांचं, म्हणून गाडीचं नाव नंदी. दर सोमवारी अप्पा तिच्या दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. नावाप्रमाणं गाडीचा स्वभावही होता. देवळातला नंदी जागचा हलतो का? मग!

नंदीचं आणि धारूरच्या घाटाचं हाडवैर होतं. अप्पांची सासुरवाडी अंबाजोगाई. दिवाळीला एकदा आणि उन्हाळ्यात एकदा नवरा-बायको नंदीवरून निघायचे. घाटाच्या पायथ्याला नंदी खोकायचा. गंगासागरबाई न सांगता खाली उतरायच्या, पदर खोचायच्या, "व्हा तुमी म्होरं" म्हणायच्या. अप्पा पिशव्या घेऊन वर जायचे, माथ्यावरच्या दगडावर बसून राहायचे. बऱ्याच वेळानं गंगासागरबाई वळणावरून उगवायच्या. दोघं पाणी प्यायचे आणि पुढं निघायचे. इतकी वर्षं हा रिवाज चालला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

ते महांतेशनं आणलं.

महांतेश हा गंगासागरबाईंचा धाकटा भाऊ. अंबाजोगाईला कॉलेजच्या ऑफिसात कारकून. त्यानं नुकतंच नवीन घर बांधलं होतं आणि नुकतीच नवीन हलकी मोटारसायकलही घेतली होती. ती चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे, इतकी गुमान. त्या गाडीवरून तो घरभरणीचं आवतन द्यायला दिंद्रुडला आला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बसला.

"शरणार्थ दाजी! वैशाखात घरभरणी हाय. ताईनं कळस घिऊन पयलं पाऊल टाकायचं."

"येतो की! नंदीवर येतो!"

"त्येच म्हनायलो दाजी. ताईला यष्टीत बसवा. तुमी या मागून निवांत."

"यष्टीत कावून?"

"आता कावून म्हनल्यावर काय सांगू! धारूरचे लोक मला इच्यारतेत, 'तुमच्या बहिणीनं पायी यायचा नवस केलाय का?'"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. खण बघायला आलेली एक म्हातारी तर एवढी हसली, की खण न घेताच गेली. अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हांतेश! तुझी ताई घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापातूर नंदीवर बसून येईल! पाय जमिनीला लावनार न्हाई!"

"मी माथ्यावर हुबा ऱ्हातो बघायला. अन् लावावा लागला तर?"

"तर नंदी तिथंच माथ्यावर इकून टाकीन अन् जिंदगीभर यष्टीनं हिंडीन! महादेवाची आन!"

आतून चहा घेऊन गंगासागरबाई आल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि चहा ठेवून परत गेल्या. ज्यांच्या पायांवरून ही पैज लागली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्या काळी तशी पद्धत नव्हती. आता तरी कुठं आहे म्हणा!

चहा पिता पिता महांतेशनं जखमेवर आणखी थोडं चोळलं. "दाजी, केबलवर दाखविलं परवा. फारीनमधी गाडी रोलरवर चढवतेत. जाग्यावर पळवतेत, तिची ताकद मोजतेत अन् मालक केवढा, बायको केवढी, घाट केवढा, त्या हिशेबानं तिला जुळवून देतेत. शिंप्यानं माप घिऊन सदरा शिवावा तसं! पन तुमच्याकडं कुठलं आलंय त्ये!"

कापडवाल्याला शिंप्याची उपमा! ती बरोबर वर्मी बसली. महांतेशची गुमान गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत अप्पा गाड्या दुरुस्त करणाऱ्या पंडित मिस्तरीच्या लिंबाखाली हजर झाले.

पंडित मिस्तरी पूर्वी कडा गावाकडं साखर कारखान्यावर दोन हंगाम होता. काम तेलाचा डबा घेऊन यंत्रांच्या मागं हिंडायचं. पण येताना तो एक तत्त्वज्ञान घेऊन आला होता. जगातल्या कुठल्याही वस्तूची लायकी एकाच मापानं मोजायची: तिचं गाळप किती? पंप असो, पिठाची गिरणी असो, जावई असो. त्यानं अप्पांचं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि डोळे मिटले.

"अप्पा, रोलर म्हंजे काय वो? ताकद खानारी वस्तू. गाडी जीव तोडून पळती अन् त्यो रोलर तिची ताकद खातो. मग आपल्या गावात सगळ्यात जास्त ताकद खानारी वस्तू कंची?"

"ग्रामपंचायत?"

"न्हाई वो! भिवराबाईचा चरक!"

मिस्तरीच्या लिंबाला लागूनच भिवराबाईची रसवंती होती. बांबूचा मांडव, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला बर्फ, आणि मधोमध लोखंडी चरक. त्याच्या मोठ्या चाकाला घुंगरं बांधलेली. ते चाक भिवराबाईचा नवरा आश्रुबा हातानं फिरवायचा. ऊसतोडीला जाऊन जाऊन आश्रुबाचे दंड असे झाले होते की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या. एक ऊस तो हसत पिळायचा, दोन घातले की शिव्या देत पिळायचा, आणि तिसरा घातला की चाक सोडून देऊन भिवराबाईकडं नुसता बघायचा.

"झालं माप!" मिस्तरी म्हणाला. "तिकडं घोड्याच्या ताकदीत मोजतेत. आपल्याकडं घोडं कुठाय? आपन आश्रुबात मोजू! येक ऊस म्हंजे येक आश्रुबा!"

भिवराबाई बाई व्यवहारी. तिनं विचारलं, "म्हंजे माजा चरक फटफटीनं फिरनार?"

"व्हय."

"अन् ह्यो मानूस काय करनार?"

"त्यो माप हाय. त्यानं नुसतं बसायचं."

हे ऐकताच आश्रुबानं चाक सोडलं आणि तो बाजेवर जाऊन माप म्हणून बसला. पुढचा सगळा उन्हाळा तो तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी नंदीला स्टँडवर लावून लिंबाला चऱ्हाटानं बांधलं. मागचं टायर काढून नुसत्या रिमवर पिठाच्या गिरणीतला जुना पट्टा चढवला, तो चरकाच्या चाकावर टाकला. इंजिनभोवती ओलं गोणपाट बांधलं, ताप चढू नये म्हणून. गाव गोळा झालं. अप्पांनी दिव्यावर विभूती ओढली. मिस्तरीनं किक मारली. नवव्या का दहाव्या किकला नंदी हंबरला, पट्टा फिरला, घुंगरं वाजायला लागली. भिवराबाईनं एक ऊस घातला.

नंदीनं पाऊण ऊस खाल्ला आणि मान टाकली.

मिस्तरीनं घसा साफ केला आणि निकाल जाहीर केला, "पाऊन आश्रुबा!"

"पाऊनच?" अप्पांचा चेहरा पडला. "दोन सायलेन्सर हायेत की तिला!"

बाजेवरून आश्रुबा समजुतीनं म्हणाला, "व्हतं अप्पा, असं बी व्हतं. माजे बी काई काई दिवस तसेच जातेत."

मग सुरू झालं ट्युनिंग. मिस्तरी कारबोरेटरचा स्क्रू पाव फेरा पिळायचा, भिवराबाई ऊस घालायची, गाव माना लांब करून बघायचं. पॉइंट घासले, प्लग बदलला, सायलेन्सरातून इतकी काजळी काढली की गावातल्या सगळ्या पोरांच्या दृष्टी उतरल्या असत्या. एक आश्रुबा. सव्वा आश्रुबा. मग मिस्तरीनं चेनचं मागचं स्प्रॉकेट काढलं आणि कुठल्याशा मळणीयंत्राचं परातीएवढं दातरी चाक तिथं बसवलं. नंदीनं दोन ऊस एकदम खाल्ले आणि ढेकर दिली!

"दोन आश्रुबा!" गावानं आरोळी ठोकली. अप्पांनी सगळ्यांना रस पाजला. रस नंदीनंच काढलेला, त्यामुळं अप्पांना तो प्रसादासारखा लागला.

खरं म्हणजे इथंच थांबायला हवं होतं. पण रस प्याल्यावर माणूस मत देतो. हरिबा म्हणून पेठेतले एक जुने पानवाले होते. त्यांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ताकद हाय. पन रस पानचट लागायलाय. रेस कमीजास्त व्हतीय नव्हं? उसाला ते मानवत न्हाई. उसाला एक चाल पायजे."

"बराबर हाय!" भिवराबाई म्हणाली.

"आगं पन मला घाट चढायचाय! रसाचं काय करू?" अप्पा म्हणाले.

"अप्पा," मिस्तरी गंभीरपणे म्हणाला, "रस हे गाडीचं मन हाय. रस गोड आला म्हंजे गाडी सुखात हाय. दुःखी गाडी घाट चढती का?"

अप्पांनी रसाचा पेला पुढं केला. या प्रश्नाला तुमच्यापाशी उत्तर आहे का?

तेव्हापासून ट्युनिंग ताकदीकडून चवीकडं सरकलं. रोज संध्याकाळी मिस्तरी स्क्रू फिरवायचा आणि हरिबा घोट घ्यायचे. "थोडं आणिक सोड." "आता लई झालं." "कालचा बरा व्हता." अप्पा दोन दिवसांआड म्हणायचे, "आता बास, टायर चढवा." लगेच भिवराबाई नाक पेल्यात घालायची. "अप्पा, फेसाला पेट्रोलाचा वास मारायलाय बगा. एकडाव अजून जुळवा." मिस्तरी पुन्हा बसायचा. भिवराबाईच्या मांडवात कधी नव्हती एवढी गर्दी. माजलगावकडून येणाऱ्या जीपा थांबायला लागल्या. आश्रुबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

गावाची भाषाच बदलली. एरवी दोन गाडीवाले भेटले की पहिला प्रश्न, "ॲव्हरेज काय देती?" आता लोक विचारायला लागले, "आश्रुबा किती?" ज्याच्यापाशी दुचाकी, तो लिंबाखाली आणून मोजून घेऊ लागला. गुरुजींची गाडी दीड भरली. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरची पावणेदोन. ग्रामसेवक सुंदररावांची स्कूटर मात्र अर्ध्यावर अडकली, तेव्हा त्यांनी कायदेशीर हरकत घेतली.

"हे माप मला मान्य न्हाई! आश्रुबा आज दोन भाकरी जास्त खाऊन बसलाय. माप फुगलं की माझी गाडी कमी भरनारच!"

आश्रुबा बाजेवर उठून बसला. "मग उपाशी बसू काय साहेब?"

"माप म्हनल्यावर माणसानं सरकारी पद्धतीनं एकसारखं जेवावं!"

त्यावर पंचायत बसली. मोजणीच्या दिवशी आश्रुबानं दोनच भाकरी खायच्या आणि त्या चारचौघांत खायच्या, असं ठरलं. सुंदररावांची स्कूटर पुन्हा मोजली. ती पुन्हा अर्धीच भरली. पण मनाचं समाधान झालं.

या सगळ्यांत नंदी मात्र राजा होता. मिस्तरीनं शेवटी कारबोरेटरात तांब्याची तार घालून रेस एका जागी अशी बांधून टाकली की चरक घड्याळासारखा फिरायला लागला. हरिबांनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत. लोक घाबरले. मग ते पुटपुटले, "हां. ह्यो."

त्या दिवशी नंदीनं चार ऊस एकदम पिळले. चार आश्रुबा! इतकं गाळप पंचक्रोशीत कुठल्या दुचाकीनं केलं नव्हतं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात वरात निघाली तेव्हाही एवढं आलं नव्हतं.

घरभरणीच्या आदल्या दिवशी भिवराबाईच्या हातापाया पडून नंदी सोडवून आणला. मिस्तरीनं टायर चढवलं, फडक्यानं सीट पुसली आणि लेकीची पाठवणी करावी तसा तो म्हणाला, "अप्पा, पयलाच गेर ठिवा. अन् आता मूठ पिळायची गरजच न्हाई. हात नुसता शोभेला."

अप्पांना ही स्तुती वाटली.

सकाळी गंगासागरबाई हिरवं इरकली लुगडं नेसून, मांडीवर फडक्यात बांधलेला कळस घेऊन मागं बसल्या. अप्पांनी किक मारली. आणि काय आश्चर्य! पहिल्याच किकला नंदी सुरू! ढकलायला आलेले दोघं हिरमुसले. अप्पांनी "हर हर महादेव" म्हणून पहिला गेर टाकला, क्लच सोडला, आणि नंदी निघाला.

तो बैल निघतो तसा निघाला.

अप्पांनी मूठ पिळली. काही नाही. आणखी पिळली. मूठ गरागरा फिरत होती आणि नंदी आपल्या चालीनं चालला होता, धक्-धक्-धक्-धक्. दुसरा गेर टाकला की तो दोन आचके देऊन मरायला टेकायचा. पहिला टाकला की पुन्हा तीच चाल. उसाला मानवणारी.

"आवो," गंगासागरबाई ओरडल्या, कारण नंदीच्या आवाजात ओरडावंच लागे, "गावाच्या बाहीर गेल्यावर पळवनार का?"

"हां! हां! बाहीर गेल्यावर!" अप्पा ओरडले.

गाव संपलं. एक सायकलवाला मागून आला, बरोबरीनं चालला, इंजिनभोवतीचं ओलं गोणपाट बघून त्याला वाटलं गाडीला काहीतरी लागलंय. "दवाखान्यात नेता का अप्पा?" म्हणून हळहळला आणि पुढं गेला. मिस्तरीला बोलवावं तर तो सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन कुठल्याशा लग्नाला गेला होता. थांबावं तर पुन्हा चालू होईल याची खात्री कुणी द्यावी? अप्पांनी ठरवलं, आता थांबायचं नाही. ऊन चढत गेलं. तेलगाव आलं, तेलगाव गेलं. तेलगावच्या कुत्र्यांनी सवयीनं मागं पळायला सुरुवात केली. पण पळायची गरज नाही हे लक्षात आल्यावर तीही चालायला लागली, आणि मग कंटाळून घरी गेली.

आणि समोर घाट आला.

हीच ती जागा. इथंच नंदी खोकतो, इथंच बायको उतरते. डोळ्यांसमोर माथ्यावर उभा असलेला महांतेश दिसायला लागला. नंदीला कोण विकत घेईल? भंगारवाला. मग तो दिवा कुठं जाईल, ज्याच्यावर इतके सोमवार विभूती ओढली? लग्नानंतर याच गाडीवरून नवी नवरी या घाटातून खाली उतरवली होती. तेव्हा तिनं घट्ट धरलं होतं आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. अप्पांनी दात आवळले.

चढ लागला. धक्-धक्-धक्-धक्.

पहिलं वळण. धक्-धक्-धक्-धक्. चाल तीच! सपाटीला जी, तीच चढाला! तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही! नंदीला घाट लागलाय हे ठाऊकच नव्हतं! त्याच्या लेखी तो अजून लिंबाखाली ऊस पिळत होता.

"आगं! चढायलाय!" अप्पा ओरडले. "गंगा, चढायलाय गं!"

"व्हय!" गंगासागरबाई ओरडल्या. "म्होरं बगा!"

दुसऱ्या वळणाला मागून एसटी आली. घाट अरुंद, एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. मग दाबूनच धरला. मग खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"आवो अप्पा! बाजूला घ्या की!"

"घेतली असती! पन थांबली तर पुन्ना चढायची न्हाई!"

"मग पळवा तरी!"

"पळत बी न्हाई!"

"मग करती तरी काय ही?"

अप्पांच्या तोंडून महिन्याभराच्या सवयीनं निघून गेलं, "गाळप!"

ड्रायव्हरनं हे कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरनं गाडीत सांगितलं. बैलाच्या चालीनं एसटी चालवली की ती आतून भट्टीसारखी तापते. त्यात वैशाख. थोड्या वेळानं एक म्हातारा उतरला आणि चालायला लागला. मग दोन बाया उतरल्या. मग लेकुरवाळ्या, मग तरणे, मग एक कोंबड्यांची पाटी घेतलेला. बघता बघता सगळी एसटी पायी निघाली आणि नंदीच्या दोन्ही अंगांनी चालायला लागली. बाया गंगासागरबाईंच्या बरोबरीनं आल्या.

"कुठल्या गं बाई तुमी?"

"दिंद्रुडच्या!"

"कळस कशाचा?"

"भावाची घरभरनी हाय!"

"माय, मग चला की पटापटा! येळ टळंल!"

"मला उतरायचं न्हाई!" गंगासागरबाई ओरडल्या. "ह्यांची आन हाय!"

बायांनी अप्पांकडं बघितलं, एकमेकींकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून पुढं गेल्या. त्यांच्या गप्पा, हसणं वरच्या वळणावरून ऐकू येत राहिलं. एक कुणीतरी ओवीही म्हणत होती. गंगासागरबाई मान उंच करून तिकडं बघत होत्या. अप्पांना वाटलं, बायको अभिमानानं ताठ झाली.

माथ्यावर महांतेश उभा होता. सोबत चार सोयरे, साक्षीला आणलेले. त्याला आधी दिसला एक म्हातारा. मग बाया. मग लेकुरवाळ्या, मग कोंबड्या. त्यांच्या मागं एक शेळ्यांचा कळप, तो रस्त्यात मिळाला होता. आणि त्या सगळ्यांच्या मागून, धक्-धक्-धक्-धक्, धुराच्या ढगात, दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे, कमरेला ओलं गोणपाट, नंदी! नंदीवर अप्पा! अप्पांच्या मागं, कळस मांडीवर घेऊन, ताई! सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, रिकामी एसटी.

"मानलं दाजी!" महांतेशनं रस्त्यावरच हात जोडले. "मानलं! ताईचा पाय खाली लागला न्हाई! असा घाट मी बी चढलो न्हाई कधी!"

सोयऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालून दमलेल्या प्रवाशांनीही वाजवल्या, कारण आता गाडी बाजूला होईल अशी आशा होती. अप्पांनी ब्रेक दाबला. नंदी दोन आचके देऊन गप्प झाला.

एकदम एवढी शांतता झाली की खालच्या दरीतला होला घुमताना ऐकू आला. एसटी भरली, ड्रायव्हरनं अप्पांना हात जोडले आणि निघून गेला. सोयरे गाड्यांकडं वळले. महांतेश पाणी आणायला गेला. माथ्यावर नवरा-बायको दोघंच राहिले.

अप्पांची छाती सदऱ्यात मावत नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली, रुमालानं घाम पुसला. आयुष्यात इतकं उदार त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"गंगा, आज मागशील ते देईन! बोल, काय पायजे? पाटल्या माग, शालू माग! नंदीनं लाज राखली आज!"

गंगासागरबाई सीटवरून हळूच उतरल्या. पायांना मुंग्या आल्या होत्या. कळस अप्पांच्या हातात दिला. मग घाटाच्या कडेला गेल्या आणि खालची वळणं बघत उभ्या राहिल्या.

"खरंच देचाल?"

"महादेवाची आन!"

"मग ऱ्हाऊ द्या त्या पाटल्या," त्या म्हणाल्या. "घरात दिसभर कुनी ना कुनी हाक मारतंय. दुकानातनं तुमी, सोप्यातनं मामंजी, मागच्या दारी गडीमानसं. म्या काय तक्रार करत न्हाई. पन सालातनं दोन डाव ह्यो घाट चढताना मला कुनी हाक मारत न्हाई. सिताफळं खात, बायाबापड्यांशी बोलत, कवा कवा तर म्होट्यानं गाणं म्हनत यायची मी. तुमी वर असायचा, ऐकू जायचं न्हाई. आज बसून आले, तर कवा चढला कळालं बी न्हाई."

अप्पांच्या हातात कळस होता, त्यामुळं त्यांना डोकं खाजवता येईना.

गंगासागरबाईंनी पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आवो, दिवाळीला येताना मला खाली पायथ्याला उतरवा तेवढं."